खाडीच्या मुखाशी : उत्तनच्या इतिहासाकडे पाहताना

भाईंदर पूर्वेत राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. त्याला दिसते ती खाडी, आणि तीही बहुधा लोकलच्या दारात उभे असताना, नायगावकडे जाणाऱ्या पुलावरून, दोन-तीन मिनिटांपुरती. नवघर, गोडदेव, खारी ही पूर्वेकडची जुनी गावे इमारतींच्या गर्दीत कुठेतरी बुडून गेली आहेत. त्यांची नावे रस्त्यांना आणि रिक्षाथांब्यांना उरली आहेत. समुद्र रुळांच्या पलीकडे, मुर्धे, राई, मोर्वे या गावांच्याही पुढे, डोंगरीची चढण ओलांडल्यावर येतो. तिथे उत्तन आहे. आमच्यापैकी बहुतेकांना हे नाव बसच्या पाटीवर वाचून माहीत असते.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला स्थानिक इतिहासावर प्रकल्प करायला सांगितले होते. पूर्वेलाच राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने उत्तन हा विषय निवडला. तिच्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात 'दुर्गम किनारी खेडे' असे शब्द होते. मी 'दुर्गम' या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात प्रश्नचिन्ह टाकले. रेल्वे स्थानकापासून आठ-नऊ किलोमीटरवर, मुंबईच्या इतक्या जवळ असलेले गाव दुर्गम कसे, असा माझा आक्षेप होता. तिने तो ऐकून घेतला आणि विचारले, "सर, तुम्ही कधी गेला आहात का?" मी तोवर भाईंदरात बरीच वर्षे राहत होतो. गेलो नव्हतो.

त्यानंतर गेलो, अनेकदा गेलो, आणि जे मिळाले ते वाचले. त्या प्रश्नचिन्हाचा निकाल लावण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम थोडा भूगोल, कारण त्यावाचून पुढचे काही उमगणार नाही. साष्टीच्या वायव्य टोकाला, मनोरीच्या खाडीने आणि खारजमिनींनी मुख्य बेटापासून वेगळा काढलेला एक लांबट भूभाग आहे. त्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, म्हणजेच उल्हास नदीचे मुख. दक्षिण टोकाला मनोरी आणि गोराई, उत्तर टोकाला उत्तन, पाली, चौक. जुन्या कागदपत्रांत या भूभागाला धारावी बेट म्हणतात. धारावी देवीचे मंदिर आजही तारोडी गावाच्या परिसरात आहे. मुंबईच्या शीवजवळची धारावी ती ही नव्हे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मराठ्यांच्या वसई मोहिमेतले 'धारावी' वाचून पुष्कळांच्या डोळ्यांसमोर माहीमची खाडी उभी राहते आणि मग चिमाजीअप्पांच्या हालचालींचा नकाशाच जुळेनासा होतो. एका चांगल्या वाचकाला मी हा घोटाळा करताना पाहिले आहे. नावावर हक्क शहराचा. ज्या गावाने ते आधी लावले त्याला खुलासा करावा लागतो.

चौकच्या टेकडीवर उभे राहिले की समोर, पाण्यापलीकडे, वसईचा किल्ला दिसतो. मध्ये फक्त खाडीचे मुख. ही जागा पाहिली आणि माझ्या मनातला उत्तनचा नकाशा उलटा झाला. मी आजवर या गावाकडे रुळांच्या बाजूने पाहत होतो; गाव वसले ते पाण्याच्या बाजूने. ज्या काळात माणसे आणि माल पाण्याने जात, त्या काळात खाडीचे तोंड हा हमरस्त्याचा नाका होता. आत ठाणे, कल्याण, बाहेर समुद्र, उत्तरेच्या काठावर वसई. आणि दक्षिणेच्या काठावर, नाक्यावरच्या चौकीसारखे, हे गाव.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई आणि तिच्या अखत्यारीतली बेटे पोर्तुगीजांना दिली. पुढची दोन शतके वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. त्या शहराचे वैभव, त्यातली चर्चे, मठ, सरदारांचे वाडे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जोसेफ गेर्सन द कुन्हा यांचा चौल आणि वसईच्या पुरावशेषांवरचा ग्रंथ १८७६ साली निघाला. आजही त्याच्याकडे वळावे लागते. वसईचे वैभव ज्या दगडात उभे राहिले त्याबद्दल मात्र क्वचितच कोणी दोन ओळींपेक्षा अधिक लिहितो. धारावी बेटाच्या डोंगरांत ट्रॅकाइट आणि तत्सम ज्वालामुखीजन्य खडक आहेत. दख्खनच्या पठाराला घडवणारे लाव्हाचे मुख्य थर साचून गेल्यानंतरचे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे. डोंगरीच्या परिसरात ते उभ्या स्तंभांच्या रूपात फुटतात. निसर्गानेच अर्धे तासून ठेवल्यासारखे. दगडफोड्याला आणखी काय हवे? वसईच्या बांधकामांसाठी दगड या बेटावरून होडीने पलीकडे जात असे. गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेच्या दर्शनी भागात जांभ्याच्या जोडीला जो काळसर पाषाण वापरला आहे तो वसईहून नेला, असे कलेतिहासाची पुस्तके सांगतात, आणि त्याला नावही 'वसईचा दगड' असेच आहे. वसई हे बंदर. दगडावर नाव बंदराचे पडते, खाणीचे पडत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार अपरिचित नसावा. मौखिक गीताला संग्राहकाचे नाव चिकटते, तसेच हे.

याच काळात गावाचा धर्म पालटला. जेझुइट आणि फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी साष्टीत आणि वसईत जी धर्मांतरे केली त्यांत या किनाऱ्यावरचे कोळी, आगरी, कुणबी मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. उत्तनचे चर्च सागरमातेला वाहिलेले आहे, डोंगरीचे बेथलेहेमच्या मातेला. मच्छीमारांच्या गावाने मारियेची जी रूपे आहेत त्यांतून सागराशी नाते सांगणारे रूप आपलेसे करावे यात नवल नाही. धर्मांतराच्या पद्धतींविषयी, त्यांतल्या सक्तीविषयी आणि आमिषांविषयी इतिहासकारांत वाद आहे आणि तो असायलाच हवा. पण एक गोष्ट त्या वादात हरवते. आडनाव डिसोजा किंवा परेरा झाले, मिस्सा लॅटिनमध्ये होऊ लागली, तरी घरात बोलली जाणारी भाषा मराठीच राहिली. लग्नात उंबराचे पाणी राहिले, लुगडे राहिले, जाळे राहिले.

आता १७३७ ते १७३९ या तीन वर्षांकडे येतो, कारण लिखित इतिहासात धारावी बेट खऱ्या अर्थाने अवतरते ते याच काळात. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टी हातची घेतली आणि वसईला शह दिला. वसई तीन बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेली. जोवर खाडीचे तोंड पोर्तुगीजांना मोकळे होते तोवर गोव्याहून येणारी कुमक आणि रसद थांबवता येणे अशक्य होते. म्हणून धारावीची टेकडी. तिच्यावर तोफा चढवल्या की मुखातून आत शिरणारे प्रत्येक गलबत माऱ्याखाली येते. ही गोष्ट दोन्ही पक्षांना कळत होती, आणि त्यामुळेच मोहिमेच्या काळात ही जागा एकाची दुसऱ्याकडे, दुसऱ्याची पहिल्याकडे अशी गेली. १७३९ च्या आरंभी ती पक्केपणी मराठ्यांच्या हाती आली. मग वसईचा अखेरचा वेढा आवळला गेला. सुरुंगांनी तट फुटला, दोन्ही बाजूंची फार माणसे पडली, आणि १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीच्या कलमांवर सही केली. त्यांना मानाने बाहेर पडू देण्यात आले. वसईच्या चर्चांतल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशकात नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहायला मिळतात.

य. न. केळकरांनी 'वसईची मोहीम' लिहिली. सरदेसायांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरात या मोहिमेची पत्रे छापली गेली. ही पत्रे मराठी गद्याचा ठेवा आहेत. लहान वाक्ये, घाई, दारूगोळ्याचा हिशेब, मध्येच एखादी व्याकुळ ओळ. ती वाचत असताना मी एक खेळ करून पाहिला. धारावी हा शब्द जिथे येतो तिथे त्याच्याबरोबर काय येते ते टिपत गेलो. मोर्चा येतो, ठाणे येते, तोफ येते, शिबंदी येते. माणसे येतात ती फौजेची. त्या टेकडीच्या पायथ्याशी गाव होते, त्यात घरे होती, किनाऱ्यावर होड्या होत्या. तीन वर्षे जाळी टाकता आली का, त्या होड्या कोणी बळकावल्या, रसद कोणी वाहिली, हे काही येत नाही. पत्रे लिहिणाऱ्यांचा हा दोष नव्हे. लढाईत असलेला माणूस टेकडी पाहतो. पण पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनीही टेकडीच पाहिली, हे जरा खटकते.

वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या प्रस्तावनेत एक प्रश्न उभा केला होता: उत्तर कोकणात एकामागून एक सत्ता आल्या आणि गेल्या, तरी इथली सामान्य प्रजा त्याविषयी इतकी उदासीन कशी राहिली? त्यांचे उत्तर गावगाड्याच्या स्वयंपूर्ण, राजकारणनिरपेक्ष जगण्याकडे बोट दाखवते. ही प्रस्तावना मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देतो, आणि तिच्याशी भांडायलाही सांगतो. उत्तनसारख्या गावापुढे तिचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला सत्ता बदलल्याचे कळत नव्हते, हे अशक्य आहे. तोफेचा आवाज त्याच्या घरात येत होता. १७३९ नंतर तर त्याची स्थिती फारच नाजूक होती. त्याचा धर्म गेलेल्या राजाचा, भाषा आलेल्या राजाची. ॲन्केतील द्यु पेराँ हा फ्रेंच पंडित, ज्याने पुढे अवेस्ता युरोपात नेला, तो १७६० साली कान्हेरीची लेणी पाहायला साष्टीतून फिरला. मराठी अमलाखालच्या या बेटावर ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे साजरे करताना त्याला दिसले. पोर्तुगीज पाद्री गेले होते, एतद्देशीय धर्मगुरूंनी काम पुढे चालवले होते. याला उदासीनता म्हणणे सोपे आहे. मला ती बोलणे टाळण्याची जाण वाटते. ज्याने दोन राजे पाहिले आहेत तो तिसऱ्याविषयी मोठ्याने बोलत नाही.

तिसरा यायला वेळ लागला नाही. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. वसई मराठ्यांकडे परत गेली. म्हणजे त्या काही दशकांत खाडीचे मुख दोन राज्यांची सीमा होते, आणि समोरासमोरचे दोन काठ, ज्यांच्यात सोयरिकी असणार, ते दोन अमलांत गेले. पुढे पेशवाई बुडाल्यावर दोन्ही काठ पुन्हा एका सत्तेखाली आले, पण तोवर मुंबई वाढली होती आणि वसई ओसाड झाली होती. नाका तोच होता. त्यावरून जाणारी रहदारी आटली.

आणि मग लोखंडी रस्ता आला. माझ्या मते उत्तनच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना १७३९ ची लढाई नव्हे, १८६४ चा हा रस्ता आहे. आणि तो उत्तनला आला नाही, हीच ती घटना. बी. बी. ॲण्ड सी. आय. रेल्वेने गुजरातकडून येणारा मार्ग खाडीवर पूल बांधून दक्षिणेकडे आणला आणि १८६४ साली तो मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. पूल कुठे बांधायचा? जिथे खाडी मुखापासून आत येते आणि मध्ये पाणजू बेटाचा टेकू मिळतो तिथे. अभियंत्याच्या दृष्टीने निर्णय बिनचूक. त्या एका निर्णयाने खाडी ओलांडण्याची जागा मुखापासून आत सरकली. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईसाठी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. तिच्या थांब्यांच्या यादीत वसई आणि बोरिवली यांच्या दरम्यान 'पांजे' असे नाव आढळते. भाईंदरचे नावही त्या यादीत नाही. हे पांजे म्हणजे पाणजूच असावे, असा माझा तर्क आहे. तसे असेल तर आज जिथे जायला होडीशिवाय सोय नाही, जे बेट लोकलमधून रोज लाखो लोक ओलांडतात आणि ज्यावर एकही गाडी थांबत नाही, त्याला मुंबईच्या पहिल्या उपनगरी गाडीचा थांबा होता. रेल्वे एखादे गाव जवळ आणते आणि दुसरे लांब नेते, याचा याहून लखलखीत दाखला मला माहीत नाही.

तेव्हा विद्यार्थिनीचा शब्द बरोबर होता. तिने फक्त साल लिहिले नव्हते. 'दुर्गम' म्हणजे जिथे गमन कठीण आहे ते. आणि गमन कठीण की सुलभ हे कोणत्या वाहनाने निघालात यावर ठरते. १६०० मध्ये उत्तन दुर्गम नव्हते, भाईंदर होते: मिठागरे, चिखल, खारफुटी. तीनशे वर्षांनी उलटे झाले. दोन्ही गावे जागची हलली नाहीत.

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ साली निघाले. त्यात धारावीला जागा आहे, खाणी आहेत, चर्चे आहेत, मासेमारीही आहे. पण लिहिण्याचा सूर एखादी जुनी, अडगळीत गेलेली वस्तू हाताळावी तसा. पाचच वर्षांनी, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून मुंबई, साष्टी आणि वसईच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, कंपनी सरकारच्या चाकरीत आपण आधीपासूनचे, हे सरकारदरबारी ठसवण्यासाठी. पश्चिम किनाऱ्यावरच्या मराठीभाषक माणसाने स्वतःला पूर्वेचा हिंदी म्हणवावे यातली गंमत अनेकांनी सांगितली आहे. मला त्यातले दुखणे अधिक जाणवते. 'पोर्तुगीज' म्हणवून घ्यायचे नाही, 'मराठा' म्हणवून घेता येत नाही, तेव्हा एका बुडालेल्या व्यापारी कंपनीचे नाव घ्यायचे. स्वतःच्या भाषेत स्वतःला काय म्हणावे, हे ठरवण्याची संधी या समाजाला कधी मिळालीच नव्हती.

भाषेवर आलो आहे तर थोडे थांबतो. आपल्या वाचकवर्गाला इथे अधिक रस असेल. उत्तनच्या बंदरावर, भाटेबंदरला किंवा पातान बंदरला, होड्या लागल्यावर मासळीचा लिलाव होतो. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लेलांव' वरून आलेला. गंमत अशी की तो आज कोकणातल्या कुठल्याही बाजारात, कोर्टाच्या नोटिशीत, बँकेच्या जाहिरातीत आहे, आणि कोणाला तो परका वाटत नाही. पगार, चावी, पाव, बटाटा, मेस्त्री, बालदी, तुरुंग: ही यादी व्याकरणाच्या पुस्तकांत पाठ करून घेतली जाते. पण हे शब्द मराठीत शिरले कुठून, याचा विचार करताना आपण 'पोर्तुगीजांकडून' एवढे म्हणून मोकळे होतो. भाषा राजाकडून रयतेकडे अशी सरळ उतरत नाही. ती कामाच्या जागी ओलांडते. जिथे दगड फुटतो, होडी भरते, पगार वाटला जातो, तिथे. धारावी बेटासारखी ठिकाणे हीच त्या ओलांडण्याच्या जागा. तुमच्या-माझ्या घरातली 'चावी' अशाच एखाद्या किनाऱ्यावर प्रथम हातातून हातात गेली असणार.

लिखित मराठीशी या समाजाचे नाते मात्र तुटक राहिले. थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, मराठी ओवीत. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर बंदीचे हुकूम काढले आणि ती परंपरा मुळाशीच खुंटली. मिस्सा लॅटिनमध्येच होत राहिली, थेट १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत. म्हणजे चार शतके या गावात देवाशी एका भाषेत, सरकारशी दुसऱ्या आणि आपसांत तिसऱ्या भाषेत बोलणे चालले होते. आणि ही तिसरी, जिच्यात भांडणे, अंगाया, मासळीचा भाव आणि लग्नातली गाणी होती, ती कुठेच लिहिली जात नव्हती.

इथे मला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची आठवण होते. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर, आर्क्टिकच्या बर्फाळ प्रदेशात, हान्स एगेडे हा डॅनिश-नॉर्वेजियन मिशनरी १७२१ साली उतरला. त्याचा मुलगा पौल याने तिथल्या भाषेचा कोश १७५० मध्ये छापला. इथवर गोष्ट ओळखीची आहे: मिशनरी येतो, भाषा शिकतो, कोश करतो. पुढचे वळण वेगळे. १८६१ साली गॉटहॉब या, आज नूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, इवल्याशा वसाहतीत ग्रीनलंडी भाषेतले नियतकालिक निघू लागले, तिथेच छापले जाऊ लागले, आणि किनाऱ्यावरचे शिकारी आपल्या शिकारीच्या, वादळांच्या, मृत्यूंच्या हकीकती त्यात लिहू लागले. वर्षातले अनेक महिने जहाज पोहोचू शकत नाही अशा गावांनी आपला वृत्तान्त स्वतः लिहिला. मुंबईत तेव्हा छापखाने रात्रंदिवस चालत होते, मराठी वर्तमानपत्रे निघत होती, आणि त्यांच्यापासून एका दिवसाच्या होडीप्रवासावर असलेल्या या गावातला कोळी त्यांत लेखक म्हणून कुठेही नव्हता. दुर्गम कोण होते?

खाडीच्या उत्तर काठाने ही उणीव विसाव्या शतकात बरीचशी भरून काढली. वसईचे 'सुवार्ता' मासिक आणि त्याभोवती जमलेले लेखक यांनी ख्रिस्ती मराठी लेखनाला आधार दिला. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. दक्षिण काठावर असे काही घडले नाही, निदान त्या प्रमाणात नाही. याचे कारण मी गावात कोणाला विचारले की उत्तर हसण्यावारी जाते. एका वृद्ध मासळीवाल्या बाईंनी मात्र सरळ सांगितले, "वसईवाल्यांची वाडी हाय, बागायत हाय, त्यांना संध्याकाळ मिलते. आमची भरती कवा पन येते." बागायतीचे आणि साहित्याचे नाते एखाद्या समीक्षकाने याहून नेमके सांगितल्याचे मला स्मरत नाही.

भरतीची वेळ ही इथे अलंकारिक गोष्ट नाही. उत्तनची मासेमारी मुख्यत्वे डोल जाळ्याची. समुद्रात खोलवर खुंट रोवायचे, त्यांना पिशवीसारखे जाळे प्रवाहाच्या तोंडाशी बांधायचे, आणि पाण्याच्या ओढीने बोंबील, जवळा, करंदी आत येऊ द्यायची. पाणी फिरण्याआधी जाळे उचलले पाहिजे. उधाण असो की भांग, रात्र असो की पहाट, घड्याळ चंद्राचे. बोंबील नाजूक आणि पाणथळ; लगेच विकला नाही तर तो बांबूंच्या मांडवांवर, जबड्यात जबडा अडकवून, उन्हात टांगतात. हिवाळ्यात त्या मांडवांची रांग किनाऱ्यावर लागलेली असते आणि वास गावाच्या आधी भेटतो. खुंट ज्या जागी रोवायचे त्या जागा वडिलोपार्जित हक्काने चालत आलेल्या. त्यांवरून उत्तन-वसईचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात दशकानुदशके तंटा चालू आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याला समुद्र मोकळा दिसतो. कोळ्याच्या मनात त्यावर बांध असतात, गटनंबर असतात, वारसनोंदी असतात. फक्त त्यांचा सातबारा नाही.

शहर आले ते अलीकडे. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. कागदोपत्री उत्तन शहरात आले. २००६ च्या सुमारास गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्र आणण्याची योजना पुढे आली. गावकऱ्यांनी कडवा विरोध केला आणि ती बारगळली. दुसरी गोष्ट मात्र बारगळली नाही. शहराचा कचरा टाकण्यासाठी उत्तनचा धावगी डोंगर निवडला गेला. तिथल्या ढिगाऱ्याला आगी लागल्या, पावसात त्याचे पाणी शेतांत आणि विहिरींत उतरल्याच्या तक्रारी झाल्या, न्यायालयांत प्रकरणे गेली. मी भाईंदर पूर्वेत चौथ्या मजल्यावर राहतो आणि रोज सकाळी दाराबाहेर कचऱ्याचा डबा ठेवतो. ज्या वर्षांत मी उत्तनला एकदाही गेलो नव्हतो त्या वर्षांत माझा कचरा तिथे नियमित जात होता. त्याला ते गाव दुर्गम नव्हते.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई पालघरात गेली, उत्तन ठाण्यात राहिले, आणि १७८२ नंतर पुन्हा एकदा खाडीच्या मुखात सरहद्द आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मी सुरुवातीच्याच आठवड्यांत तिने गेलो. बोटीवर मोटारसायकली होत्या, मोबाइलवर चित्रण करणारी तरुण मुले होती, माहेरी निघालेली एक सासुरवाशीण होती. वसईचा तट समोर मोठा होत गेला. डावीकडे, मुखापाशी, धारावीची टेकडी होती. मी ती प्रथमच पाण्यावरून पाहिली. तिच्या पायथ्याशी भरतीची वाट पाहणाऱ्या होड्या ओळीने उभ्या होत्या. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "ते कुठलं गाव?" मी सांगितले. त्यांनी दोनदा नाव विचारून घेतले.